'पडोसन'मधले मास्टर पिल्ले : आपण नक्की कशाला हसत होतो?

मध्यलय (धागालेखक)

यंदा गणपतीत आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात 'पडोसन' चित्रपटातलं 'एक चतुर नार' हे गाणं बसवलं होतं. पुठ्ठ्याच्या दोन खिडक्या, एकीकडे नायक भोला आणि त्याच्यामागे लपलेला गुरू (चित्रपटात किशोरकुमार), दुसरीकडे शेजारीण बिंदू आणि तिचा दाक्षिणात्य संगीतमास्तर, मास्टर पिल्ले (चित्रपटात महमूद). पिल्ले झालेल्या मुलाच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे मी स्वतः ओढले. शेंडी माझ्या बायकोने काळ्या लोकरीची करून दिली. हशा असा झाला की दोनदा रेकॉर्ड थांबवून पुन्हा लावावी लागली.

मी विंगेत उभा होतो. तिथून पहिल्या तीन रांगा दिसतात. तिसऱ्या रांगेत आमच्या बी विंगमधले तमिळ काका बसले होते. तीस वर्षांपासून आमच्याबरोबर राहतात, गणपतीच्या दहाही दिवस आरतीला टाळ त्यांच्याच हातात असतो. संध्याकाळची पूजा करून ते तसेच खाली आले होते आणि त्यांच्या कपाळावर तेच तीन पट्टे होते. खरे. त्यांनी टाळ्याही वाजवल्या. पण मला पुढचं काहीच बघवेना.

त्या रात्री 'पडोसन' पुन्हा पाहिला. १९६८चा चित्रपट, दिग्दर्शक ज्योती स्वरूप, निर्मात्यांमध्ये स्वतः महमूद. मी तो लहानपणापासून किती वेळा पाहिला असेल याची गणतीच नाही. या वेळी फक्त पिल्लेकडे बघायचं ठरवलं, आणि चित्रपट वेगळाच दिसला.

भोलाला गाता येत नाही. तो ओठ हलवतो, गातो गुरू. म्हणजे नायक मुलीला फसवतो आहे. गुरू आणि त्याची मंडळी त्या फसवणुकीत सामील आहेत. भोलाचा मामा लग्नाचं वय उलटून गेलं तरी तरुण मुलीच्या मागे आहे. या सगळ्यांत एकच माणूस असा आहे की जो जे शिकवतो ते त्याला खरंच येतं, आणि तो स्वतःच्या गळ्याने गातो. तो पिल्ले. हरतो तोच. आणि हरताना आपण हसतो ते त्याच्या गाण्याला नाही, त्याच्या हिंदीला.

सगळ्यात लागलं ते 'घोडा' आणि 'चतुर'चं. समोरून कधी एक शब्द येतो, कधी दुसरा. पिल्ले वैतागून सांगतो की एकावर राहा, एक तर घोडा म्हणा नाहीतर चतुर म्हणा. शांतपणे विचार केला तर तो काय मागतोय? सामना आहे तर नियम पाळा, एवढंच. माझ्या शाळेत 'घोडा-चतुर' हे एका मुलाचं नाव पडलं होतं. तोही तमिळ होता. ते नाव ठेवणाऱ्यांत मी होतो.

चित्रपट मला आजही प्रचंड आवडतो, हे आधीच सांगतो. पण पिल्लेबद्दल तुम्हाला काय वाटतं, हे मनापासून ऐकायचं आहे.

---

जुनी_तबकडी

चांगला धागा. मी गाण्याच्या बाजूने लिहिते, कारण माझ्या मते सगळा मुद्दा गाण्यातच आहे.

या गाण्यात तीन आवाज आहेत. किशोरकुमार, मन्ना डे आणि मधल्या बोलण्याच्या तुकड्यांसाठी खुद्द महमूद. म्हणजे पिल्ले दोन माणसांत वाटलेला आहे. त्याचे सूर मन्ना डेंचे आणि त्याची फजिती महमूदची. गाणं डोळे मिटून ऐका. मन्नादांचा भाग इतका तयारीचा आहे की विनोदी गाण्याला त्याची गरजच नव्हती. राहुलदेव बर्मन यांनी तिथे एखादा बेसुरा गवई चालवून घेतला असता तरी थिएटर हसलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. सरगम खरी आहे, दमसास खरा आहे. पिल्ले हरतो तो सुरात नाही, समोरचा माणूस खेळच बदलत राहतो म्हणून गोंधळून हरतो.

आता याच्या शेजारी १९५६चा 'बसंत बहार' ठेवा. तिथेही जुगलबंदी आहे, 'केतकी गुलाब जूही'. भारतभूषणला आवाज मन्ना डेंचा आणि प्रतिस्पर्ध्याला पंडित भीमसेन जोशींचा. तिथे मन्नादा जिंकतात. पण हरणाऱ्या गवयाला कोणी हसत नाही, त्याची शान राखून त्याला हरवलं आहे. तोच गायक बारा वर्षांनी दुसऱ्या जुगलबंदीत हरतो, आणि या वेळी हरणाऱ्याच्या अंगावर वेष्टी (तमिळ धोतर), शेंडी आणि तुटकी हिंदी चढवलेली आहे. शास्त्रीय गाण्याबद्दलची प्रेक्षकांची अदब त्या बारा वर्षांत थोडी ओसरली असेल, मान्य. पण उत्तरेचा गवई हरला तर करुण आणि दक्षिणेचा हरला तर विनोदी, हा फरक नुसत्या काळाचा नाही.

जाता जाता : या गाण्याचा मुखडाही नवा नव्हता. १९४१च्या 'झूला'मध्ये अशोककुमारांनी तो गायला होता. धाकट्या भावाने, म्हणजे किशोरकुमारने, तो उचलून कुठच्या कुठे नेला.

---

टपालपेटी

मला हे पटत नाही, आणि का ते नीट सांगतो.

'पडोसन'मध्ये सरळ माणूस कोण आहे? भोला बावळट आहे, ब्रह्मचर्याच्या पोथीवर जगणारा. गुरूच्या तोंडात पानाचा तोबरा आणि डोळ्यांत काजळ. ओमप्रकाशचा मामा म्हणजे मिशा आणि रुबाब. सगळेच्या सगळे अर्कचित्रं आहेत. प्रहसनाची रीतच ती. मग एकट्या पिल्लेवर अन्याय झाला असं कसं म्हणता येईल? उलट महमूदने सगळ्यात मोठी भूमिका नायकाला न देता स्वतःच्या पिल्लेसाठी ठेवली. लोक आज भोलाला विसरलेत, पिल्ले आठवतो. ज्याचा अपमान करायचा त्याच्यावर कोणी एवढी मेहनत घेत नाही.

माझे वडील हा चित्रपट पाहून पोट धरून हसायचे. त्यांच्या मनात कोणाबद्दल द्वेष नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

---

रानजाई

@टपालपेटी, तुमच्या वडिलांबद्दल कोणी काही म्हणत नाहीये. पण अर्कचित्रांबद्दल एक फरक सांगते. रस्त्यात पानवाल्या माणसाला कोणी 'ए गुरू' म्हणून चिडवलं नाही. मिशीवाल्याला कोणी मामाची नक्कल करून दाखवली नाही. गुरूचं सोंग गुरूपाशीच राहिलं. पिल्लेचं सोंग मात्र थिएटरच्या बाहेर पडून वर्गावर्गात, बसमध्ये, हॉटेलात पोचलं, कारण त्याला चिकटवायला जिवंत माणसं आयती होती. मध्यलय यांच्या शाळेतला मुलगा हा त्याचा पुरावा आहे.

बिंदूबद्दलही लिहायचं होतं. तिची फसवणूक उघडी पडते तेव्हा तिचा राग शंभर टक्के रास्त आहे, आणि चित्रपट तो राग जिरवून टाकतो. पण त्यावर वेगळा धागा हवा.

---

माटुंग्याची_कावेरी

बरेच दिवस इथे फक्त वाचत होते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं घर तमिळ, जन्म माटुंग्याचा, शाळा मराठी. मराठीत स्वप्नं पडतात आणि तमिळमध्ये हिशेब होतो. 'पडोसन' आला तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, पण माझे आईवडील तेव्हा नुकते लग्न होऊन किंग्ज सर्कलजवळ राहत होते. तो काळ नजरेसमोर ठेवूनच हा चित्रपट बघायला हवा, असं मला वाटतं.

१९६५च्या जानेवारीत मद्रास राज्यात हिंदी सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं. १९६७मध्ये तिथे काँग्रेस जाऊन अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. इकडे मुंबईत १९६६ साली शिवसेना स्थापन झाली. 'मार्मिक'मध्ये 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या. 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' ही घोषणा त्याच दिवसांतली. उडप्यांच्या हॉटेलांनाही झळ लागली. ती माणसं कर्नाटकच्या किनाऱ्यावरची, घरात तुळू बोलणारी, पण मुंबईच्या लेखी आम्ही सगळे 'मद्रासी' आणि आमच्या सगळ्या भाषा 'यंडुगुंडू'. मराठी माणसाच्या नोकऱ्यांचा प्रश्न खोटा नव्हता, हे मी माझ्या मराठी मैत्रिणींच्या घरी ऐकत वाढले आहे. पण आई त्या दिवसांत बाहेर जाताना मोगऱ्याचा गजरा काढून पर्समध्ये ठेवायची आणि ऑफिसात पोचल्यावर माळायची. बसमध्ये तमिळ बोलायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं. त्याच शहरात, त्याच दोन-तीन वर्षांत, पडद्यावर एक वेष्टीवाला माणूस 'अय्यो' म्हणत खिडकीत उभा राहिला. महमूदने ते ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण हशा कोणत्या हवेत उठला, ते विसरता येत नाही.

आता बाबांचं सांगते. ते कर्नाटक संगीत शिकलेले नव्हते, पण षण्मुखानंद सभेची एकही मोठी मैफल चुकवत नसत. 'एक चतुर नार' त्यांना फार आवडायचं. रेडिओवर लागलं की हातातलं काम थांबवून मांडीवर ताल धरायचे, मन्ना डेंची सरगम आली की डोळे मिटून मान हलवायचे. पण घरी टीव्ही आला आणि छायागीतमध्ये हेच गाणं लागलं की ते उठून स्वयंपाकघरात जायचे. गाणं संपलं की परत यायचे. मी लहानपणी समजायचे, त्यांना तहान लागते.

दोन बारीकसारीक गोष्टी. 'पिल्ले' हे आडनाव कोणी निवडलं ठाऊक नाही, पण ते अचूक आहे. नादस्वरम (दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य) वाजवणाऱ्या कितीतरी दिग्गजांच्या नावापुढे 'पिळ्ळै' असतं. टी. एन. राजरत्नम पिळ्ळै हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. ते १९५६ साली गेले. तमिळ माणसाला हे नाव ऐकून एक भव्य वादक आठवतो. उत्तरेच्या प्रेक्षकाला महमूद आठवतो. आणि दुसरं, 'मद्रासी' म्हणजे कोण, हा घोळ घालायला तेव्हा निदान निमित्त तरी होतं. राज्याचं नावच मद्रास होतं, १९६९च्या जानेवारीत ते तमिळनाडू झालं. त्यानंतरही आम्ही मद्रासीच राहिलो, आणि त्याला मात्र काही निमित्त नव्हतं.

---

जुनी_तबकडी

कावेरी, तुमच्या बाबांचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

एक जोडते. ज्या गोष्टीवर 'पडोसन' बेतला आहे ती मूळ बंगाली. तिच्यावर १९५२ साली बंगालीत 'पाशेर बाडी' आला, १९५३ साली तेलुगूत 'पक्किंटी अम्मायी', १९६० साली तमिळमध्ये 'अडुत्त वीट्टु पेण्'. म्हणजे शेजारणीची ही गोष्ट दक्षिणेत आधीच दोनदा हसून झाली होती. तमिळ पडद्यावर तमिळ असणं हाच विनोद होऊ शकत नाही, हे उघड आहे. तेव्हा संगीतमास्तरचं 'मद्रासी' असणं ही कथेची गरज नव्हती. हिंदीत येताना केलेली ती निवड होती.

आणि ती निवड साकारणारे कोण? आवाज आणि चाल बंगाली माणसांची, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, जे पंजाबचे, अभिनय मुंबईत जन्मलेल्या महमूदचा. पिल्ले सगळ्यांनी मिळून घडवला, पण 'आमच्यात असं कोणी बोलत नाही हो' असं म्हणणारा कोणी त्या खोलीत असेल असं वाटत नाही.

---

नाशिकचा_मी

मला आपल्या बाजूचं सांगायचं आहे. हिंदी चित्रपटात मराठी माणूस कसा दिसत आला? धुणीभांडी करणारी बाई आणि काठी आपटणारा हवालदार. मुंबईत, मराठी तंत्रज्ञांच्या खांद्यावर उभ्या असलेल्या धंद्यात, मराठी माणसाच्या वाट्याला 'काय साहेब' एवढंच वाक्य यायचं. ते बघताना माझ्या आजोबांना जे वाटायचं तेच कावेरीच्या बाबांना वाटलं असणार. मग आपल्याला हे कळायला एवढा वेळ का लागला?

आणि 'तेव्हा असंच चालायचं' हेही पूर्ण खरं नाही. 'श्री ४२०'मधली (१९५५) केळेवाली गंगामाई आठवा. ललिता पवार. गरीब, फटकळ, बोलीत मराठीपण, पण ती हसू आणते तेव्हा आपण तिच्याबरोबर हसतो. त्याच ललिताबाई 'अनाडी'मध्ये (१९५९) मिसेस डिसा झाल्या. ख्रिस्ती घरमालकीण, तोंडाने करवादणारी, मनाने आई. ती भूमिका प्रहसनातल्या 'मॅडम'सारखी सहज उडवता आली असती. तिला त्या वर्षीचं सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. हेल असूनही माणूस उरतो, हे त्या काळात लोकांना जमत होतं.

---

मांडवीकाठ

मिसेस डिसाचं नाव निघालं म्हणून. आम्हा गोंयकारांना पडद्यावर दारूची बाटली आणि क्रॉस मिळाला. पडद्यामागे मात्र शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन सेबास्टियन डिसूझा करत होते. १९५१च्या भगवानदादांच्या 'अलबेला'त चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक निदान दिसतात तरी. विनोदी चित्रपटात गोव्याचा वादक वादक म्हणूनच दिसला, सोंग म्हणून नाही, म्हणून मला 'अलबेला' जवळचा.

---

टपालपेटी

सगळं वाचलं. कावेरीताई, तुमच्या बाबांच्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधणारही नाही.

तरी महमूदबद्दल थोडं बोलू द्या, कारण तो माझा फार लाडका नट आहे. महमूदला मद्रास अनोळखी नव्हतं. 'प्यार किये जा' (१९६६) हा दिग्दर्शक श्रीधर यांच्या तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै'चा हिंदी अवतार, आणि त्यात महमूदने जी भूमिका केली ती तमिळमध्ये विनोदी नट नागेशची होती. ओमप्रकाशला भुताच्या सिनेमाची गोष्ट ऐकवण्याचा तो प्रवेश, तोही तिथलाच. पुढे 'मैं सुंदर हूँ' (१९७१) हा नागेशच्याच 'सर्व्हर सुंदरम'वरून. 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) म्हणजे तमिळ 'मद्रास टू पाँडिचेरी'. नागेशचं काम त्याने किती बारकाईने पाहिलं असेल! मला वाटायचं, हे प्रेम आहे. ज्या माणसांत वावरतो त्यांची नक्कल प्रेमानेच होते. आज तुमचं सगळं वाचून प्रश्न पडला आहे की मद्रासकडून एवढं घेतलेल्या कलावंताने परत काय दिलं? उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण प्रश्न मान्य आहे.

---

माटुंग्याची_कावेरी

@टपालपेटी, प्रेम होतंच. नागेशची ती भूमिका महमूदने काय सुंदर केली आहे! पण बघा, 'प्यार किये जा'मध्ये नागेशचा विनोद हिंदीत आला तेव्हा तो माणूस उत्तरेकडचा झाला. शहाणपणाचा, हजरजबाबी विनोद आला तेव्हा तमिळ ओळख पुसली गेली, आणि फजितीचा विनोद आला तेव्हा ती कपाळावर रंगवली. मला फक्त एवढंच दुखतं.

आणि माझी एक विनंती आहे. 'पडोसन' बघू नका असं माझ्या नावाने कोणी सांगू नका. मी स्वतः बघते. मुलांना दाखवते. सरगम आली की थांबवते आणि पुन्हा ऐकवते.

---

रानजाई

कावेरी, तुमच्या या प्रतिसादाची प्रत घेऊन ठेवली आहे.

आपल्याच विनोदी नाटकांतला मारवाडी, भैया, अण्णा हेही आता नव्याने बघावे लागतील. परवाच एका प्रयोगाला यातल्या एका सोंगावर मी हसले होते. शेजारच्या खुर्चीत कोण बसलं आहे, ते बघितलंही नव्हतं.

---

जुनी_तबकडी

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ कर्नाटक संगीत कान देऊन ऐकत आणि स्वतः गात. त्यागराजांची 'राम नी समानमेवरु' ही कृती त्यांनी ध्वनिमुद्रित केली आहे. ते गेले तेही दक्षिणेत, १९३७ साली, पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या रेल्वे स्टेशनवर. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मध्ये कानडी चाली आहेत. तंजावरला मराठी राजे होते, तिथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. एवढी ये-जा असलेल्या दोन गावांमध्ये पिल्लेचं गाणं परकं वाटायचं काही कारण नव्हतं.

---

मध्यलय (धागालेखक)

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी बी विंगमध्ये गेलो होतो.

काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण दारातच विसरलो. सरळ म्हणालो, "काका, गणपतीतल्या त्या गाण्याबद्दल मला वाईट वाटतंय. भस्म मी लावलं होतं." काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. काकूंनी फिल्टर कॉफी आणली. मग ते म्हणाले, "गाणं छान बसवलं होतं. तो मुलगा मेहनती आहे." आणि थांबून, "मी त्या दिवशी वर जाऊन कपाळ पुसलं. लोक बघत होते ना."

नंतर आम्ही तासभर गाण्याबद्दलच बोललो. कावेरी, तुमच्या बाबांसारखीच त्यांनाही मन्ना डेंची सरगम पाठ आहे. त्यांनी ती म्हणून दाखवली, मांडीवर ताल धरून. उठताना त्यांनी एक जुनी वही काढली. त्यांच्या गावाकडच्या भजनात मराठी अभंग गातात, पिढ्यानपिढ्या. वहीत नामदेवांचे आणि तुकोबांचे अभंग तमिळ लिपीत लिहिलेले आहेत. त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरात.

मी विचारलं, पुढच्या वर्षी गणपतीत गाल का? ते म्हणाले, "गाईन. 'ळ' माझा तुमच्यापेक्षा चांगला आहे. 'ख' आणि 'भ' कच्चे आहेत. ते शिकवायला येशील?"

रविवारी सकाळी दहाला जातो आहे.